सारजाबाईंचा एक तास

सारजाबाईंना चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडून पुष्कळ काही मिळालं. दोन मुलं मिळाली, मुकुंदवाडीत तीन खोल्यांचं स्वतःचं घर मिळालं, आणि दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने रोज दोन वेळा शेकायला गरम पाणीही त्यानंच आणून दिलं. मिळाला नाही तो एक तास. नुसतं शेजारी बसायचं, काही करायचं नाही, मध्येच उठून कुठं जायचं नाही, असा एक तास. मागणं फार मोठं नव्हतं, पण ज्या माणसाकडं मागायचं तो, म्हणजे पुंजाराम, पाणीपुरवठ्यात लाईनमन होता.

लाईनमन म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलून लांबलचक चावीनं व्हॉल्व्ह फिरवणारा. या गल्लीचं पाणी सोड, त्या गल्लीचं बंद कर. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं या माणसाला जावयासारखा मान असतो, आणि पाणी आलं नाही की सगळी वसाहत त्याच्याच नावानं बोटं मोडते. पुंजाराम लग्नाच्या पंगतीतून उठून गेले, पोरीच्या बारशातून उठून गेले, सख्ख्या सासऱ्याच्या तेराव्याचं ताट अर्धं ठेवून गेले. सारजाबाई म्हणायच्या, नोकरी आहे, चालायचंच.

नोकरी संपून बारा वर्षं झाली. चालायचं ते चालूच राहिलं. आधी सगळ्या शहराच्या पाण्याची काळजी होती, आता ती सगळी एका घरावर येऊन बसली. पाण्याच्या दिवशी पुंजाराम उजाडायच्या आत फाटकाजवळच्या नळाशी उकिडवे बसायचे. पाण्याआधी नळातून हवा येते, तिच्या आवाजावरून त्यांना कळायचं की पाणी किती वेळ टिकणार. मग ड्रम, टाकी, हंडे, पातेली, कुकर, झाकण असलेलं नसलेलं सगळं भरायचं. बाकीचे सहा दिवस ते पुरवायचं आणि सारजाबाईंनी भांडं जास्त पाण्यात विसळलं की हं, हं असा आवाज काढायचा. त्या हं-हं नं सारजाबाईंचं डोकं उठायचं.

जहाजाची गोष्ट गल्लीतल्या लक्ष्मीबाईंनी काढली. त्या आदल्या वर्षी मुलाबरोबर मुंबईहून गोव्याला जाऊन आल्या होत्या. "बॅग एकदा सोडायची, एकदा भरायची," त्या म्हणाल्या. "ना चढ, ना पायऱ्या. आपण खुर्चीत बसायचं आन् दुनिया आपल्या म्होरून जाती." सारजाबाईंना पायऱ्यांचा वीट आला होता. घरी कुणीही पाहुणा आला की त्याला वेरूळ दाखवायला न्यायचं, आणि गेली कित्येक वर्षं त्या तिथं झाडाखाली बसून इतरांच्या पिशव्या राखत होत्या. पण खरी गोष्ट वेगळीच होती. जहाजावर व्हॉल्व्ह नाही, वसाहत नाही, फाटक नाही. चहूकडं समुद्र. हा माणूस उठून जाईल तर जाईल कुठं? संध्याकाळी दोन खुर्च्या धरायच्या, सूर्य बुडेपर्यंत बसायचं. सारजाबाईंनी पुण्याच्या सुदर्शनला, म्हणजे मुलाला, फोन केला आणि सुनेनं, तनुजानं, तीन रात्रींचं बुकिंग करूनही टाकलं.

पुंजारामना तयार करायला तीन आठवडे लागले. "गुरुवारी पाण्याचा दिवस हाय," एवढं एकच त्यांचं म्हणणं.

"एक पाळी हुकली तर मरतो का आपण?"

"मरत नाय. पण लई हाल व्हत्यात."

शेवटी शेजारच्या कडूबाकडं किल्ली दिली, आणि आधी काय भरायचं, मग काय, याचा एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. कडूबा स्वतः साठ वर्षांचा बाप्या, त्याच्या घरीही नळ आहे. त्यानं कागद वाचला आणि सारजाबाईंकडं बघितलं.

जहाज मात्र लक्ष्मीबाईंनी सांगितलं होतं त्याहून भारी निघालं. नऊ-दहा मजले, आत लिफ्ट, गालिचे, आरसे. खोलीला खिडकी नव्हती, कारण खिडकीवाल्या खोलीचे दर ऐकून पुंजारामनी पुण्याचा फोन कट केला होता. पण पलंग असा मऊ की सारजाबाई बसल्या त्या हसायलाच लागल्या. कुणीतरी पांढऱ्या टॉवेलचा हत्ती करून उशीवर ठेवला होता. जेवायला चाळीस पदार्थ, आणि त्यातला एकही आपण केलेला नाही. खरकटं उचलायचं नाही, उद्या काय करू हे कुणाला विचारायचं नाही. बाईमाणसाला असा आयता चहा आयुष्यात कितीदा मिळतो? सारजाबाईंनी पहिल्या दुपारी तीन वेळा घेतला.

पुंजारामना प्रत्येक गोष्टीत खोट दिसत होती, आणि वैताग असा की त्यातल्या बऱ्याच खोटा खऱ्या होत्या. लांबच्या लांब बोळ, सगळे सारखे. आपली खोली शोधताना म्हाताऱ्या माणसाची निम्मी ताकद तिथंच खर्च व्हायची. एसी एवढा की कानाला मफलर. पोहायच्या तळ्यापाशी दिवसभर ढणढण गाणी. जेवायला हातात ताट घेऊन रांग, आणि रांगेत पुढं कोण तर वीस-वीस जणांची कुटुंबं. ज्वारीची भाकरी नाहीच. ठेच्याची बाटली तर बंदरावरच तपासणीत काढून घेतली होती, त्याचं दुःख ते दर दोन तासांनी बोलून दाखवायचे. शिवाय जहाज हलायला लागल्यावर त्यांच्या वयाचे निम्मे लोक गोळ्या घेऊन आडवे झाले.

"पैसे देऊन आजारी पडायची तऱ्हा हाय ही," पुंजाराम म्हणाले.

"तुम्ही पडला का?"

"अजून नाय."

पहिल्या संध्याकाळी सारजाबाई चार वाजताच वरच्या डेकवर गेल्या. कठड्याजवळच्या दोन खुर्च्या धरल्या, एकीवर बसल्या, दुसरीवर शाल ठेवली. पुंजाराम म्हणाले होते, हातपाय धुऊन पाच मिनिटांत येतो. पाचाची पंचवीस झाली. शालीच्या खुर्चीसाठी सहा जणांनी विचारलं, सहाही जणांना सारजाबाईंनी "येनारेत" म्हणून परतवलं. सूर्य खाली यायला लागला तेव्हा भोंग्यातून आवाज आला. इंग्रजी कळलं नाही, पण खोलीचा नंबर कळला. नंबर त्यांचाच होता.

लिफ्ट भरलेली. सारजाबाई नव्या गुडघ्यांनी तीन जिने उतरून खाली पोचल्या तेव्हा बोळातला गालिचा पचपच वाजत होता. खोलीसमोर चार कर्मचारी, पाणी ओढायची दोन यंत्रं, आणि मधोमध बनियनवर पुंजाराम.

झालं होतं असं. हातपाय धुवायला त्यांनी नळ सोडला, आणि पाण्याला जोर असा की हाताला झोंबलं. चौतीस वर्षांचा अनुभव लगेच बोलला: ज्या पाण्याला इतका जोर असतो ते टिकत नाही. आता आलंय, घटकाभरात जाणार, आणि तीन दिवस राहायचंय. घरात ज्या क्रमानं भरतात त्याच क्रमानं त्यांनी भरलं. आधी बेसिन, मग चहाची किटली, पेले, बर्फाचं भांडं, कचऱ्याचा डबा धुऊन त्यात. धोब्याकडं कपडे द्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, त्याही भरून गाठी मारून पलंगाखाली रांगेत ठेवल्या. तरी पाणी जाईना. मग न्हाणीच्या मोरीत टॉवेलचा हत्ती कोंबला, नळ चालू ठेवला आणि कुठं बादली मिळते का ते बघायला बाहेर पडले. परत येताना त्यांना खोली सापडली नाही.

खोल्यांची व्यवस्था बघणारा गोव्याकडचा पोक्त माणूस होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, इथं पाणी जात नाही. चोवीस तास असतं."

"असं कुठं असतंय व्हय?" पुंजाराम म्हणाले.

"समुद्राचं पाणी आम्हीच गोडं करतो. यंत्र आहे खाली."

सारजाबाईंना शरमेनं तोंड कुठं लपवावं कळेना. पलंगाखालून एक-एक पिशवी निघत होती आणि बोळातले लोक दाराशी थांबून बघत होते. पुंजारामच्या चेहऱ्यावर मात्र शरम नव्हती. यंत्र हा शब्द ऐकल्यापासून त्यांचे डोळे चमकायला लागले होते. सारजाबाईंना ते दिसलं, आणि दुसरी संध्याकाळही गेली हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं.

ती तशीच गेली. दुसऱ्या दिवशी पुंजाराम सकाळपासून खालच्या काउंटरवर उभे, मला पाण्याचं यंत्र बघायचंय म्हणून. काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितलं, तिथं प्रवाशांना जाता येत नाही. मग नळदुरुस्तीचा एक हैदराबादकडचा कारागीर त्यांनी गाठला आणि बोळातच त्याच्याशी सुरू झाले. "भाई, प्रेशर कित्ता रैता? लाईन कित्ते इंची?" तो माणूसही असला चौकस म्हातारा भेटला म्हणून खुलला. सारजाबाई वर दोन खुर्च्या धरून. सूर्य बुडाला, लोकांनी फोटो काढले, कुणी टाळ्या वाजवल्या. एका गुजराती बाईनं शालीच्या खुर्चीकडं बोट करून विचारलं, "आपके साथ कोई है?" सारजाबाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाच ठरवता आलं नाही.

खाली आल्यावर पुंजाराम म्हणाले, "चार इंची हाय मेन लाईन."

"माझ्या जिवाला काय करायची?"

"अगं, सांगतो आपलं."

तिसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. उतरायची रांग बघून गुडघ्यांचे, कंबरेचे आणि दम्याचे सगळे म्हातारे वरच थांबले, आणि तो दिवस सगळ्यांत चांगला गेला. गाणी बंद, लिफ्ट मोकळी, समोसे गरम. दुपारी जेवताना सारजाबाईंनी सरळ सांगितलं, "आज शेवटची संध्याकाळ. आज तुम्ही माझ्यासंगं बसनार. उठायचं नाय."

"बसतो की. मी कवा नाय म्हनलो?"

हा प्रश्न ऐकून सारजाबाईंनी ताटातला पापड मोडला, एवढंच केलं.

आणि खरोखर, पाच वाजता पुंजाराम आले. मफलर बांधून आले, शाल बाजूला केली, खुर्चीत बसले. जहाज गोवा सोडून निघालं होतं, किनारा उजव्या हाताला, आणि डाव्या हाताला सगळा मोकळा समुद्र. सारजाबाईंनी पाय लांब केले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पुंजाराम बसले होते. बोलत नव्हते, पण बसले होते. सारजाबाईंच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायला लागलं. बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि पुंजारामचा फोन वाजला. किनारा जवळ, त्यामुळं रेंज आली होती.

"हां कडूबा. आज? आज कसं काय सोडलं? बरं, हवा कशी येती नळाला?"

"ठेवा तो," सारजाबाई म्हणाल्या.

त्यांनी हातानं थांब अशी खूण केली आणि ते उठले. उभ्यानं बोलायला लागले, मग कठड्याकडं, मग रेंज कमी झाली म्हणून पलीकडच्या बाजूला. तिथून आवाज येत होता. आधी ड्रम. नाय नाय, आधी ड्रम. मंग टाकीची तोटी सोड. कागद बघ ना भिंतीवरचा. सूर्य पाण्याला टेकला. तो अर्धा झाला तेव्हा पितळी हंड्याचं चाललं होतं. तो गेला तेव्हा कुकरचं.

पुंजाराम परत येऊन बसले. चेहऱ्यावर एवढं समाधान सारजाबाईंनी तीन दिवसांत पाहिलं नव्हतं. "भरलं सगळं," ते म्हणाले. मग समोर बघून, "गेला व्हय?"

"गेला."

"आता उद्या दिसंल."

"उद्या सकाळी मुंबई."

पुंजारामनी फोन खिशात घातला. सारजाबाईंचा राग डोळ्यांपर्यंत आला होता. आपण रडणार असं वाटून त्या आणखी चिडल्या. आणि याला बोचावं म्हणून, केवळ बोचावं म्हणूनच, त्या म्हणाल्या, "फुडल्या साली मी लक्ष्मीबाईसंगं येनार. सुदर्शनला सांगते, माझं एकटीचं तिकीट काढ."

त्या थांबल्या. मला सोडून जाशील का, एवढं तरी हा म्हणेल. खोटं का होईना, म्हणेल.

पुंजारामचा चेहरा उजळला. "हे बेस व्हईल बघ," ते म्हणाले. "मी घरी थांबतो. तू जा मनमोकळी. पाण्याचा घोरच नाय मंग." आणि मोठ्या प्रेमानं त्यांनी सारजाबाईंच्या हातावर थोपटलं.

सारजाबाईंनी हात काढून घेतला नाही. पण त्यांना आता स्पष्ट कळलं होतं. नोकरी या माणसाला उठवून नेते, असं त्या चव्वेचाळीस वर्षं धरून चालल्या होत्या. नोकरीनं कधी नेलंच नव्हतं. तो आपणहून उठत होता, आणि उठताना त्याला बरं वाटत होतं. बारशातून उठताना, तेराव्याच्या पानावरून उठताना, आत्ताही. हे मनाला लागलं, फार लागलं.

"चल," पुंजाराम म्हणाले, "गार वारं सुटलंय. जेवायची लाईन लागंल."

"तुम्ही व्हा फुडं."

"आन् तू?"

"मी बसते."

"एकटीच?"

"व्हय."

असं उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते जरासे घुटमळले, मफलर सारखा केला, मग म्हणाले, "बरं. मी लाईनीत तुझी जागा धरून ठेवतो, लवकर ये," आणि लिफ्टकडं गेले.

समुद्रावर अजून थोडा उजेड होता. सारजाबाईंनी शाल अंगावर घेतली आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले; गुडघ्यांना आराम पडला. कुणी काही विचारायला आलं नाही. खाली पुंजाराम हातात ताट घेऊन, मागच्यांना पुढं सोडत, दर मिनिटाला दाराकडं बघत उभे असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सारजाबाईंनी त्यांना उभं राहू दिलं.