पानागणिक एक क्षण

"उगी राहा, ओळ येत्ये," असं म्हणत अक्का एंटर दाबायच्या आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायच्या. तव्यावरची पोळी फुगायची वाट बघावी, तशा. तुमच्याही कामाच्या जागी असं कुणीतरी असेल, ज्याला यंत्राइतकी घाई नसते.

मैलापुरात एका गल्लीत, वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. परदेशी जुनी पुस्तकं स्कॅन होऊन यायची. संगणक त्यांतला मजकूर काढून द्यायचा, पण छापील ओळ जिथं संपली तिथं तो तोडूनच. त्या तुटक्या ओळी जोडून सलग परिच्छेद करणं हे माझं काम. ओळीच्या शेवटी जायचं, डिलीट, स्पेस. दिवसभर तेच. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात. मी सांगलीकडची, आठवीतून शाळा सुटलेली, तमिळ येईना, इंग्रजी अक्षरओळखीपुरतं. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, या धास्तीनं मी पाणी प्यायलाही उठत नसे.

अक्का तंजावरच्या मराठी, ऑफिसातले प्रोग्राम त्याच लिहीत. त्यांचं बोलणं माझ्या पणजीच्याही आधीचं वाटायचं, आणि मधेच तमिळ शिरायचं. वेणीतल्या मोगऱ्याची पाकळी कीबोर्डावर पडली की त्या फुंकून उडवत.

एक दिवस मॅनेजर म्हणाले, "हे जोडकाम एका छोट्या स्क्रिप्टनं, चार ओळींच्या प्रोग्रामनं होईल. लिहून टाका, अक्का."

अक्कांनी आपली खुर्ची मला दिली. "बैस. तू लिही."

"मी? अक्का, माझंच काम जाईल की!"

"जाईलच. मग ते काम खाणारं तुझ्या हातचं असू दे. लिहिणारीस कोण काढतो?"

"पण लिहू काय?"

"मज काय पुसतीस? ओळीस पूस. जोडताना काय पाहतीस?"

मी सांगितलं, रिकामी ओळ आली की परिच्छेद संपला, नाहीतर पुढची ओळ मागं ओढायची. "सरि, बरं, तेच लिही." त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. चार-पाच ओळींत माझा सगळा दिवस मावला. मग त्यांनी स्वतः एक ओळ घातली: प्रत्येक पानानंतर क्षणभर थांब.

"हे कशाला?"

"पाहायास!"

दुपारचा समुद्रवारा सुटला होता. संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पानं हळूहळू वर चालली, जणू कुणी झोपेत बोलतंय. मला गुंगीच आली. एवढ्यात एक पान विटेसारखं गच्च होऊन थांबलं.

"अक्का, थांबवा! मधेमधे मोठी अक्षरं दिसतात, ही कविता होती. हिच्या ओळी आत सरकून बसतात, त्या जोडायच्या नसतात."

"अय्यो, मी पाहिलंच नव्हतं!" अक्का खळखळून हसल्या. आत सरकलेली ओळ सोडून द्यायची, एवढं मी स्क्रिप्टमध्ये वाढवलं. अक्कांनी मॅनेजरांच्या केबिनकडे हाक मारली, "सार, हे हिनं लिहिलंय. काही अडलं तर हीस पुसा."

मला कुणी काढलं नाही.

पुढं अक्का तंजावरला भावाकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या पोरानं खुर्चीवरून उठून, माझ्या संगणकावर स्क्रिप्ट उघडून विचारलं, "ही थांबायची ओळ काय कामाची? काढू?"

"असू दे," मी म्हटलं, आणि एंटर दाबलं.

पानं वर सरकू लागली. माझे हात मांडीवर कधी आले, कळलं नाही. समोरची खिडकी उघडी होती. वाऱ्यानं अक्कांची रिकामी खुर्ची जराशी फिरली, संगणकाच्या पडद्याकडे.