चाकोरीबाहेरची किंमत

गजभिये सर कुठलीही महाग वस्तू आधी उलटी करून बघत. कौतुक नंतर, उरलंच तर. ड्रेस्डेनच्या संशोधन संस्थेत मी रुजू झालो त्याच आठवड्यात संचालकांनी नव्या कॉफीयंत्राचा छोटा समारंभ ठेवला होता. भाषण रंगात आलं असताना सर वाकून यंत्राच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "एक्झॉर्बिटंट."

हा त्यांचा लाडका इंग्रजी शब्द. "नुसतं महाग म्हणजे एक्झॉर्बिटंट नव्हे, कुलकर्णी. लॅटिनमध्ये ऑर्बिटा म्हणजे गाडीच्या चाकानं पाडलेली वाट. आपली चाकोरी. ती सोडून गेलं ते एक्झॉर्बिटंट. इंग्रजीत आधी वकिलांनी वापरला, कायद्याच्या चाकोरीत न बसणाऱ्या प्रकरणांना. मग बेताल माणसांना लावला. किमतीला फार उशिरा चिकटला. तेव्हा किंमत बघून डोळे विस्फारायचे नाहीत. गाडी चाकोरीबाहेर कुणी काढली, ते विचारायचं."

आणि ते विचारत. दुकानदाराला, घरमालकाला, परिषदेतल्या पाहुण्या वक्त्यालाही. मला म्हणाले होते, "तुम्ही पुण्याचे. तुम्हाला कौतुक करता येत नाही, मला विश्वास ठेवता येत नाही. आपलं जमेल."

सर मूळचे नागपूरचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी मैत्री इथेच वाढलेली. बाप मराठीत बोले, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि भांडणं दोन्ही भाषांत होत.

एकदा आम्ही कुंड्या आणायला बागेच्या सामानाच्या दुकानात गेलो. कारंजी आणि मातीचे टोपीवाले बुटके यांच्या मधोमध बुद्धाची मस्तकं रांगेनं मांडलेली. फक्त मस्तकं. सरांनी एक उचललं, उलटं केलं, किंमत वाचली. नेहमीचा शब्द आला नाही. "माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं," ते म्हणाले. "इथे ह्याला कारंज्याशेजारी ठेवतात." कुंड्या न घेताच आम्ही परतलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मैत्रीनं सांगितलं की योनास नावाच्या मुलाशी लग्न करायचंय, आणि लग्न बौद्ध पद्धतीनं व्हावं ही त्याचीच इच्छा आहे. दुसऱ्या कुणा बापाला आनंद झाला असता. सरांचा संशय दुप्पट झाला. "ह्याला बुद्ध हवाय, की दिवाणखान्यात शोभेल असं काहीतरी?"

योनासच्या आईनं, ब्रिगिटेबाईंनी, रविवारी कॉफी आणि केकला बोलावलं. "माझ्या बाजूनं एक माणूस हवा," म्हणून सर मैत्रीबरोबर मलाही घेऊन गेले. केक संपल्यावर बाईंनी रेशमी फीत बांधलेली पेटी सरांपुढे ठेवली. आत दगडाचं, चांगलंच भारी, बुद्धाचं मस्तक होतं.

सरांनी ते उलटं केलं. किमतीची चिठ्ठी काढलेली होती. मग जर्मनमध्ये, अगदी शांतपणे, त्यांनी विचारलं, "बाकीचा कुठे आहे?"

"बाबा, बिट्टे," मैत्री विनवणीच्या सुरात म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. योनास तिच्यामागे गेला.

ब्रिगिटेबाईंनी टेबलावरचा केकचा चुरा गोळा केला. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. माझा नवरा गेला तेव्हा घरात येणारा प्रत्येकजण मला सल्ले देत होता. असाच एक चेहरा मी आणला. तो काही बोलत नव्हता. मला बरं वाटलं. तुम्हीही एकटे आहात, म्हणून हा."

ट्रामच्या थांब्यावर मैत्री बापापासून लांब उभी राहिली. तिनं एकच वाक्य ऐकवलं, जर्मनमध्ये: लग्न होईल, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

घराजवळ उतरल्यावर सर म्हणाले, "कुलकर्णी, किमतीच्या आधी तो शब्द माणसाच्या वागण्याला लावत. आज मला लागू आहे."

त्यांनी माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी मात्र ते एकटेच ब्रिगिटेबाईंकडे गेले, आणि त्रिशरण रोमन लिपीत लिहून देऊन आले. मस्तक त्यांनी घरात कधीच मांडलं नाही. "तेवढं मला जमणार नाही," असं बाईंना तोंडावर सांगितलं, आणि बाईंनी ते ऐकून घेतलं.

लग्न एका चर्चच्या सभागृहात झालं, कारण तेच भाड्यानं मिळालं. पांढरे कपडे, थोडी माणसं. सर पुढे उभे राहून एकेक ओळ सांगत होते, बाकीचे मागून म्हणत होते. जर्मन जिभेला सुरुवातीचा 'स' जमत नाही. ब्रिगिटेबाई कागद डोळ्यांजवळ धरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बुद्धं झरणं गच्छामि." मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी कागद खाली घेतला. लोकांचे पाली उच्चार सर भर सभेत सुधारत. मैत्रीनं धसकून बापाकडे पाहिलं.

सरांनी चष्मा वर सरकवला आणि पुढची ओळ सांगितली, "धम्मं झरणं गच्छामि."

मैत्री बापाच्या मागोमाग तसंच म्हणाली. मग आम्ही सगळेच.