धप्पा

समोरच्या गॅलरीत एक चिमुरडी भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने आकडे म्हणतेय. आई लपणार म्हणून ती खूश आहे. आई मात्र पर्स खांद्याला लावून, चपला हातात घेऊन जिना उतरतेय.

माझी आईही ऑफिसला अशीच जायची. मी रडू नये म्हणून लपाछपी. मी पलंगाखाली, दारामागे शोधत राहायचो आणि मला सांभाळणाऱ्या मावशी म्हणायच्या, "शोध बाळा, इथंच असेल." त्यापेक्षा रडणं परवडलं असतं.

संध्याकाळी आई मागून येऊन पाठीत धप्पा द्यायची आणि हसायची. ज्याला धप्पा बसला, राज्य पुन्हा त्याच्यावरच, हा खेळाचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निमूटपणे भिंतीकडे तोंड करायचो.