खिशातले तीन फ्यूज

"थांबवा ते! गव्हाणीत माणूस हाय!"

मी कंट्रोल रूमचा जिना ओरडतच चढत होतो. शिवाजी पेठेत फुटबॉल बघून कमावलेला घसा आहे माझा. त्या दुपारी तो पार जोतिबाच्या डोंगरावर ऐकू गेला असणार. फक्त वरच्या काचेच्या खोलीत जात नव्हता. नवी खोली, नवा एसी, दार घट्ट लावलेलं.

आमचा साखर कारखाना तेव्हा कात टाकत होता. जुन्या पॅनेलची धुडं जाऊन सगळा कारखाना आता एका पडद्यावरून, माऊसच्या टिचकीवर चालणार होता. वायरी फिरवायचं काम माझ्याकडं. ते मी असं गाजवलं, की कॅन्टीनवाल्यालासुद्धा वाटायला लागलं, कोल्हापूर जिल्ह्यात वीज ह्यानंच आणली.

नव्या यंत्राची मला पहिल्यापासून भीती वाटत होती, हे आता सांगतो. तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. गव्हाण म्हणजे ऊस कटरच्या पात्यांकडं नेणारा लोखंडी पट्टा. जुन्या काळी ती सुरू होताना आधी कण्हायची, मग असा हिसका द्यायची की सात गावच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. नव्या ड्राईव्हवर, म्हणजे मोटर हळूहळू उचलणाऱ्या यंत्रावर, ती मांजरासारखी निघायची. आवाज नाही, हिसका नाही. आणि पुढं पाती तीच.

गव्हाणीत उतरून चेन बघायचं काम फिटर अण्णांचं. त्यांची एक रीत होती. आत जायच्या आधी पॅनेलमधले तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. कुलूप नाही, चिठ्ठी नाही. "ह्ये माझ्या खिशात, म्हंजे माझा जीव माझ्याजवळ," म्हणायचे. पॅनेलवर तीन खाचा रिकाम्या दिसल्या की आम्ही समजायचो, अण्णा आत आहेत.

त्या दुपारी भंगारवाल्याला जुनं पॅनेल दाखवायला गेलो, तर तीन खाचा रिकाम्या.

आदल्याच दिवशी गव्हाणीची वायर त्या पॅनेलमधून सोडवून मी नव्याला जोडली होती. आता तिथले फ्यूज काढले काय आणि ठेवले काय. आणि आदल्या दिवशी अण्णांची सुट्टी होती. गव्हाणीची चाचणी तर त्याच दुपारी होती; मी कंट्रोल रूमकडं पळालो.

दार ढकलून आत शिरलो, तर पुण्याहून आलेला इंजिनियर पडद्याकडं बोट करत म्हणाला, "बघा, सगळं हिरवं. चाचणीला गव्हाण आत्ताच चालू केली."

"बंद करा," मी म्हणालो. एवढा घसा, पण शब्द ओठातल्या ओठात निघाले. त्यानं माझं तोंड बघितलं आणि टिचकी मारली.

"किती सरकली?"

"हातभर असेल. का हो?"

दोघंही खाली पळालो. गव्हाणीच्या काठाशी मी उभा राहिलो, पण वाकायला मान तयार होईना. एरवी मी मुंगीचा हत्ती करून सांगतो. इथं करण्यासारखं काही नाही. आत अंधार होता, ग्रीसचा वास होता, आणि दोनदा हाक मारली तरी ओ आली नाही.

मग पट्ट्याच्या कडेला ग्रीसनं माखलेला एक हात दिसला. मागून अण्णा वर आले. पँटचा एक पाय गुडघ्याखाली नव्हताच, चेनीनं ओढून नेला होता. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी खिशातून तिन्ही फ्यूज काढले, तळहातावर धरले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"अण्णा, त्यात काय न्हाय आता," मी म्हणालो. "कालच वायर काढली मी. अख्ख्या कारखान्याला ठावं हाय की."

अण्णांनी फ्यूज परत खिशात टाकले.

"मला कुणी सांगितलं न्हाय," ते म्हणाले.