ढेकीवरचा पाय

माझा पाय मोडला तो लाजेमुळे.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. खळ्यावर शिदोरी घेऊन चालले होते. समोरून मामाजी, म्हणजे माझे सासरे, येताना दिसले. डोक्यावरचा पदर पुरेसा पुढे नाही असं वाटून मी तो ओढायला गेले, आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, थेट खाली धानाच्या बांधीतल्या धसकटांवर! पदर मात्र जागचा हलला नाही. (त्या दिवशी तेवढं एकच काम मला नीट जमलं.)

गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं घोट्याला बांबूच्या कामट्या बांधल्या. महिन्यानं सोडल्या, तर पाय वाळल्या शेंगेसारखा बारीक आणि तसाच कडक. मग मला बैलबंडीत घालून वडशाच्या डॉक्टरकडे नेलं.

"हाड जुळलं आहे," डॉक्टर म्हणाले. "आता पायाला काम द्या. पंजा खाली दाबायचा, वर उचलायचा. सकाळी पन्नास वेळा, संध्याकाळी पन्नास वेळा. हळूहळू अंगाचा भारही द्यायचा. नाही तर पाय असाच राहील."

असाच राहून कसं चालणार? फाल्गुनात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं! माहेर वैनगंगेच्या पलीकडे. डोंग्यातून उतरलं की दोन कोस वाळू आणि जंगलाची पायवाट.

मामाजींनी निकाल दिला, "काठीबिगर विहिरीवरून भरली गुंड आणून दाखव. मंगच जाय. नाई तं इथूनच अक्षता टाक." गुंड म्हणजे पाण्याची पितळी घागर.

मी अंगणात बसून पंजा हलवू लागले. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या भागाबाई कुडावरून ओरडल्या, "काऊन वो, कोनाले लाथ मारून राह्यली?"

झालं! त्यानंतर कोणी बघत असलं की माझा पाय हलेचना.

सासूबाईंनी तोड काढली. "रिकामा पाय हालवाले लाज वाटते ना तुले? मंग ढेकीवर हालव. पायबी हालंल, धानबी सडंल!"

ढेकी म्हणजे एक लांब लाकडी तुळई. एका टोकाला उभं राहून पायानं दाबलं की दुसऱ्या टोकाचं मुसळ वर उठतं, आणि पाय सोडला की उखळातल्या धानावर आदळून ते सडतं, म्हणजे टरफल निघून तांदूळ मोकळा होतो. तोल जाऊ नये म्हणून धरायला वर दोर टांगलेला असतो.

पहिल्याच दिवशी दुखऱ्या पायानं ढेकी दाबली. घोट्यातून अशी कळ आली की भावाच्या लग्नाची वाजंत्री मला आत्ताच ऐकू यायला लागली! मी गुपचूप पाय बदलला आणि चांगल्या पायानं दाबू लागले. कोणाच्या लक्षात आलं नाही. सासूबाई उखळापाशी बसून धान सारत होत्या. त्या आपली बोटं सांभाळणार की माझा पाय बघणार?

आठ दिवस मी त्या दोराला वटवाघळासारखी लोंबकळत होते. पुढे दोर कधी सुटला, कळलंही नाही. घरचं धान संपत आलं तरी ढेकी चालूच.

"माय, डॉक्टरनं पन्नासच सांगतले ना," हे एकदा दारातून म्हणाले.

"त्यानं पाय पाह्यला," सासूबाई म्हणाल्या. "धान कुठी पाह्यलं त्यानं?"

मग भागाबाई पायलीभर धान घेऊन आल्या. "हे बी टाक वो. पोरीच्या पायाले तेवढाच गुन!"

हे ऐकून दुसऱ्या दिवशी कौसाबाई टोपलं घेऊन हजर. "भागीच्या हलक्या धानानं का होते? आमचं जाडं हाय. एका टोपल्यात पाय बरा होते, पाहा!"

हां हां म्हणता माझ्या पायासाठी अख्ख्या गावाला पाझर फुटला. पाटलांच्या घरून तर धानाची बंडीच आली! पाटलीणबाईंचा निरोप होता, "गावच्या सुनेसाठी आमाले एवढं तं कराच लागंल."

नाही म्हणायला तोंड लागतं, आणि मी ते सासरी येताना माहेरीच ठेवून आले होते. बाया रोज येत, तांदूळ घेत, माझ्या पायाकडे बघत आणि म्हणत, "सुधारला वो!" मला मेल्याहून मेल्यासारखं होई. गावभराचं औषध मी भलत्याच पायाला देत होते! ढेकीवरून उतरले की काठी धरून लंगडत घरात शिरायची.

लग्न आठ दिवसांवर आलं. मामाजी ओसरीवर बसले. आपापल्या धानाचा गुण बघायला बाया जमल्या. सासूबाईंनी माझ्या हातून काठी काढून घेतली आणि गुंड दिली. "जाय पोरी."

आता पडणार, लग्न हुकणार आणि वर लबाडीही उघडी पडणार! मला रडूच फुटलं. मामाजींसमोर आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामाजी, मी... मी चांगल्या पायानंच ढेकी दाबत होती!"

भागाबाई पुढे सरकल्या, "मंजे? माह्यं धान चांगल्या पायात गेलं?"

"अन माह्यं टोपलं?" कौसाबाई किंचाळल्या. "जाडं होतं वो ते!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अन मी बोटांवर उदार होऊन बसली होती तिथी!"

मामाजींनी चिलीम खाली ठेवली. "थांबा गा जरा. पोरी, चांगला पाय ढेकीवर होता, तं इतके दिवस तू उभी कायच्यावर होतीस?"

मी खाली पाहिलं. दुखरा पाय मुकाट्यानं जमिनीवर टेकलेला होता. काठी सासूबाईंच्या हातात होती, आणि मी मघापासून सरळ उभी राहून रडत होते!

विहिरीवर गेले, गुंड भरली, आले. आठ दिवसांनी वाळू तुडवत माहेरी पोचले आणि भावाच्या लग्नात पंगतीला वाढलंसुद्धा.

चौथीपर्यंत गणितात माझा नंबर पहिला असायचा. पण दोनातून एक गेला की एक उरतो, हे मला सासऱ्यांनी शिकवावं लागलं!