हेल्मेटवरची निरगाठ

नगरला माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हाची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं की ‘होऊन जाईल’ म्हणायची मला खोड होती. काय होऊन जाईल, कसं होऊन जाईल, याचा विचार मी गिऱ्हाईक गेल्यावर करायचो.

एके दिवशी छावणीतला एक तरुण कॅप्टन आला. मूळचा साताऱ्याकडचा. विमानातून उडी मारायची आणि छत्री उघडण्याआधी बराच वेळ नुसतंच खाली येत राहायचं, हा त्याचा छंद. बरोबर उडी मारणाऱ्या सोबत्याचा हवेत फोटो काढायचा होता. हात मोकळे नसतात, म्हणून कॅमेरा डोक्यावर बसवून हवा होता.

“जमेल?”

“होऊन जाईल,” मी म्हणालो. विमान मी तोवर फक्त खालून पाहिलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण असा फोटो माझ्या काचेच्या कपाटात लागला तर समोरच्या स्टुडिओवाल्याची कायमची जिरेल, या विचाराने मी माझा एकुलता एक चांगला जर्मन कॅमेरा देऊ केला. लग्नसराई याच कॅमेऱ्यावर निघायची.

हेल्मेट सरकारी, त्याला भोक पाडायचं नाही, ही अट. मग नागापूरच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पट्टी वाकवून आणली, तिच्यावर कॅमेरा कसला आणि पट्टी खाटेच्या नवारीने हेल्मेटवर आवळली. नवारीची टोकं हनुवटीखाली बांधायची. जुन्या चष्म्याची एक काच काढून नुसती गोल तार डोळ्यासमोर बसवली. सोबती त्या गोलात आला की दातांत धरलेला रबरी फुगा दाबायचा, फोटो निघायचा. रोल पुढे सरकवायला हात नाही, म्हणून एका उडीत एकच फोटो. मी स्वतः हेल्मेट चढवून नवरीला बसवायच्या स्टुलावरून उडी मारून पाहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरचा अर्धा गणपती आला, तोही आडवा.

कॅप्टन पाहायला आला, खूश झाला. जाताना जीप चालू करता करता त्याने ओरडून विचारलं, “पण हे निघेल ना?”

कॅमेरा वर निघून पडेल अशी बिचाऱ्याला धास्ती आहे, मला वाटलं. “अजिबात काळजी करू नका!” मी ओरडलो. तो निश्चिंत मनाने गेला. मी त्याहून निश्चिंत मनाने नवारीला साध्या गाठीऐवजी निरगाठ मारायचं ठरवलं, वर पाणी शिंपडायचंही. ओली गाठ वाळली की देवालाही सुटत नाही.

उडीच्या आदल्या दिवशी खर्ड्याहून माझा मेहुणा आला. शेतकरी माणूस, बहिणीसाठी ज्वारीचं पोतं घेऊन आला होता. तेव्हा मी आरशासमोर हेल्मेट घालून बसलो होतो. गाठ हनुवटीखाली चांगली वाळली होती आणि ती मला सुटत नव्हती. चहा नीट गिळता येत नव्हता. बाहेर एक नवविवाहित जोडपं फोटोसाठी थांबलं होतं, त्यांना मी आतूनच ‘पाच मिनिटं’ सांगत होतो.

मेहुण्याने काही वेळ बोटांनी झटापट केली. मग फोटो कापायची कात्री उचलून नवार कापली आणि म्हणाला, “दाजी, बैल बांधतानाबी आमी सुरगाठ मारतो. गोठ्याला आग लागली तर एका हिसक्यात सुटाया पायजे. तुमी तर मानसाला निरगाठ मारली.”

तेव्हा कुठे कॅप्टनचं ‘निघेल ना?’ मला कळलं. त्याला ते निघायलाच हवं होतं. वर कुठे दोरी अडकली तर कॅमेरा फेकून देता यावा म्हणून.

कळलं, तरी मी भांडलो. “अरे, सुरगाठ सुटून कॅमेरा पडला तर?”

“पडूंद्या की. त्याला काय बायकापोरं हायती?”

मी चिडलो. त्याने नवी नवार घेऊन सुरगाठ मारली, ओढायचं टोक लांब ठेवलं आणि संध्याकाळच्या एसटीने गेला. दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला ती गाठ दाखवली, पण ‘अगदीच वेळ आली तरच ओढा हं’ असंही वर बजावलं.

गावाबाहेरच्या माळावर आम्ही वर बघत उभे होतो. एका जवानाने मला दुर्बीण दिली. दोघे खाली आले, छत्र्या उघडल्या. तेवढ्यात कॅप्टनची मान एका बाजूला ओढली गेली. छत्रीची एक दोरी कॅमेऱ्यामागे अडकली होती. त्याचा हात हनुवटीशी चाचपडला, आणि काहीतरी काळं सुटून सरळ खाली आलं. मान मोकळी झाली.

सगळे तो उतरत होता तिकडे धावले. मी हरभऱ्याच्या रानाकडे धावलो.

लेन्स एकीकडे, पाठीचं झाकण दुसरीकडे, रोल उन्हात उघडा पडलेला. सगळं सदऱ्याच्या ओच्यात गोळा करून मी परत आलो. कॅप्टन जमिनीवर बसला होता, गळ्यावर लाल वळ उठला होता आणि कोणीतरी त्याला काही लावत होतं. मला पाहताच तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, “माफ करा, तुमच्या कॅमेऱ्याचं वाटोळं केलं मी.”

मी त्याला ओच्यातले तुकडे दाखवले. ही लेन्स कुठली, आता मिळायची नाही, लग्नं तोंडावर आलीत, सगळं सांगितलं. तो मान एका बाजूला धरून ऐकत राहिला.

घरी बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “त्यांना फार लागलं का हो?”

मी विचारलंच नव्हतं.