यशवंतदादा आणि बंद ठेवलेला पंखा

यशवंतदादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी गोखिवऱ्याच्या कारखान्यातच होतो. "हे सुटले हो, भाऊजी." महिना उलटला, पण त्या 'सुटले'चा राग जात नाही. सांडोरच्या आपल्या वाडीत केळींना पाणी सोडायचं, तर हा माणूस नाकात ऑक्सिजनची नळी घालून ओटीवर बसला होता. त्याला तिथे बसवणाऱ्यांत मीही होतो.

आमचं काम म्हणजे ॲल्युमिनियमच्या भागांवर लेसरने सिरॅमिकचा थर चढवणं. लेसरने वरचा धातू वितळतो, त्यात बारीक पावडर सोडायची. मग तो मऊ धातू झिजत नाही, खाऱ्या हवेलाही दाद देत नाही. मी शिफ्टचा इनचार्ज, पण शिकलो दादाकडूनच. थरावरून नख फिरवून तो सांगायचा, "हा टिकेल. हा परत येईल." आणि तसंच व्हायचं...

एकदा अख्खा लॉट परत आला. थरात भोकं. दादाने शोधून काढलं, की पावडरचा धूर ओढणारा पंखा थर नीट बसावा म्हणून लेसरभोवती सोडलेला गॅसही ओढून नेतोय. पंखा बंद केला, थर गुळगुळीत आला. मालकाने पाठ थोपटली. खरं तर पंख्याचं तोंड हातभर मागे घ्यायचं, एवढंच काम होतं. "मशीन दोन दिवस थांबेल. पुढच्या आठवड्यात बघू," मालक म्हणाला. मी मान डोलावली आणि रोजच्या तपासणीच्या कार्डावर 'पंखा चालू' अशी खूण करत राहिलो. वर्षानुवर्षं. दसऱ्याला मशीनसोबत त्या बंद पंख्यालाही हार घालायचो आम्ही. लाज कशी वाटली नाही कुणाला?

दादा खोकायला लागला. मास्क लाव म्हटलं की म्हणायचा, "अरे, चष्म्यावर वाफ धरते. थर दिसत नाही." त्याचाही राग येतो मला. थर जपला, छाती कोण जपणार होतं?

शेवटचं भेटलो, तेव्हा शब्दाशब्दाला थांबत म्हणाला, "पंखा... सरकवला का रे?" मी हो म्हटलं. धडधडीत खोटं.

परवा त्याच्या जागी आलेल्या सविताबाईंनी मशीन सुरू करण्याआधी पंख्याचं बटण बंद केलं. मी खेकसलो. त्यांनी मशीनच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे दादाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'आधी पंखा बंद, मग पावडर.'

"दादांनी लिहिलंय तसंच करा, असं तुम्हीच सांगितलंत," त्या म्हणाल्या.

मालकाला न विचारता मी मशीन थांबवलं. पाने घेतले, पंखा हातभर मागे सरकवला. जेवणाच्या सुट्टीआधी काम झालं.